पुण्यातला गेम, पेणची आखणी आणि टेबलावरची फिगर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे ऑफिसच्या टेबलावर ठेवतात त्या गेमच्या फिगर्सवर, म्हणजे गेममधल्या पात्रांच्या छोट्या मूर्तींवर, एक टिपण आलं होतं, त्यात शेवटी लिहिलेलं की आयटीतली पोरं पगार प्लास्टिकच्या बाहुल्यांवर उडवतात आणि हा मोठ्या माणसांचा पोरकटपणा आहे. तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात होतं. जागा कमी असेल तर कुठेही कात्री लावा पण पेणच्या मूर्तिकारांचा भाग तेवढा ठेवा, माझं म्हणणं तेच आहे, बाकीचं सगळं तिथपर्यंत पोचायला लिहिलंय.

मी मूळचा पेणचा, नोकरीला पुण्यात, खराडीत. आमच्या मजल्यावर एक चक्कर मारली तर जवळपास प्रत्येक मॉनिटरखाली काही ना काही उभं दिसतं. कुणाचा मारिओ, कुणाचा झेल्डा गेममधला लिंक, सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे लिनक्स ह्या ऑपरेटिंग सिस्टीमचा पेंग्विन म्हणजे टक्स, गो ह्या प्रोग्रामिंग लँग्वेजमध्ये काम करणाऱ्या मुलीकडे तिचं चिन्ह असलेला निळा गोफर, आणि एका सिनियरच्या टेबलावर पिवळं रबरी बदक, कारण कोडमध्ये बग सापडत नसला की ते त्या बदकाला एकेक ओळ समजावून सांगतात आणि सांगता सांगता चूक कुठंय ते त्यांचं त्यांनाच कळतं, जगभरचे प्रोग्रामर हे करतात. ह्यातली एकही वस्तू पोरखेळ म्हणून तिथे ठेवलेली नाही. कुणाच्या टेबलावर काय उभंय त्यावरून तो माणूस काय काम करतो आणि लहानपणी काय खेळलाय ते न विचारता कळतं. नवीन जॉइन झालेलं पोरगं पहिल्या दिवशी गांगरलेलं असतं ना, ते समोरच्याच्या टेबलावर ओळखीचं कॅरेक्टर दिसलं की बोलायला लागतं, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

आणि मोठ्यांनी छोट्या मूर्ती मांडण्यात पोरकटपणा बघायचा असेल तर मग दिवाळीतल्या किल्ल्याचं काय करायचं? बुरुजावर मावळे, वर सिंहासनावर महाराज, खाली तोफा, पाणी भरणाऱ्या बायका, हे सगळं मांडायला बापच पोरांपेक्षा पुढे असतो, कुंभारवाड्यात जाऊन मावळ्याच्या हातातली तलवार मोडलेली नाही ना हे बघून घेणारा पण बापच असतो. आपल्याला छोटी मूर्ती समोर ठेवून त्यात जीव गुंतवायची सवय आधीपासूनच आहे, नवीन फक्त कॅरेक्टर आहेत. हा मुद्दा मी इथेच सोडतो.

आता ही फिगर मुळात येते कुठून ते सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की मशीनमधून धडाधड बाहेर पडलेलं प्लास्टिक आहे. मारिओ पहिल्यांदा दिसला १९८१ मध्ये, डाँकी काँग ह्या गेममध्ये. शिगेरू मियामोतोंनी तो काढला तेव्हा स्क्रीनवर एका माणसासाठी ठिपके इतके मोजके मिळायचे की तोंड काढायला जागाच नव्हती, म्हणून मोठं नाक आणि खाली मिशी, केस काढणं अवघड म्हणून टोपी, हात हललेले दिसावेत म्हणून अंगात ओव्हरऑल. म्हणजे त्या माणसाचं सगळं रूपच अडचणीतून आलेलं. आता विचार करा, ज्या शिल्पकाराने पहिल्यांदा ह्या सपाट ठिपक्यांच्या माणसाला गोल आकार दिला त्याला काय काय ठरवावं लागलं असेल, ह्याची पाठ कशी असेल, टोपीखालून मागचे केस किती दिसतील, पोट किती सुटलेलं असेल, उभा राहिला तर वजन कुठल्या पायावर टाकेल. गेममध्ये ह्यातलं काहीच नव्हतं. ते त्याने स्वतःच्या डोक्यातून काढलं. पॅक-मॅन तर १९८० चा, नुसता पिवळा गोळा आणि तोंडाची फट, त्याला टेबलावर उभा करायचा म्हणजे पुन्हा तेच.

ज्या निन्टेन्डोचा हा मारिओ, ती कंपनी सुरू झाली १८८९ मध्ये क्योटोत, आणि तेव्हा ती काय बनवायची तर हाताने केलेले पत्ते, हानाफुदा म्हणतात त्याला, अठ्ठेचाळीस पानांचा जोड, बारा महिन्यांची बारा फुलंझाडं, प्रत्येकाची चार पानं. आपल्याकडे सावंतवाडीला गंजिफा बनतो, तोही हातानेच रंगवलेला, गोल पानं, दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी एकशेवीस पानं. मी सावंतवाडीला राजवाड्यात चित्रकार ते रंगवताना बघितलेत, नखाएवढ्या जागेत मासा, कासव, वराह. क्योटोचा पत्तेवाला पुढे खेळण्यांत गेला, मग व्हिडिओ गेममध्ये, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात त्याने अमीबो नावाच्या फिगर्स काढल्या, बुडाशी एक छोटी चिप, कंट्रोलरला टेकवली की गेममध्ये त्याचं काहीतरी उघडतं. आजसुद्धा ती कंपनी हानाफुदा विकते. आणि आपला गंजिफा राजवाड्यातल्या कलाकारांनी आणि भोसले घराण्याने धरून ठेवला म्हणून टिकला, पण तिथून पुढे दुसरं काही निघालं नाही. ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

चिपवाल्या फिगर्सची लाट तशी अमीबोच्या आधीच आली होती, २०११ मध्ये स्कायलँडर्स आलं, मग डिस्ने इन्फिनिटी, लेगो डायमेन्शन्स, सगळे जोरात आले आणि २०१७ पर्यंत हे दोन्ही मागून आलेले बंदसुद्धा झाले. अमीबो अजून आहे. माझ्या मते कारण साधं आहे, बहुतेक लोक ती चिप वापरतच नाहीत, फिगर चांगली दिसते म्हणून घेतात आणि टेबलावर ठेवतात.

आता जरा जवळून बघू. माझ्याकडे नेन्डोरॉइड नावाच्या प्रकारातली एक फिगर आहे, गुड स्माइल कंपनी २००६ पासून ही काढते, साधारण दहा सेंटिमीटरची, डोकं मोठं, अंग छोटं. पुढचे केस उचलून काढले की चेहरा सुटा होतो आणि दुसऱ्या भावाचा चेहरा तिथे बसतो, हसरा काढून चिडका लावायचा. त्या चेहऱ्याला नाक जवळजवळ नाहीच, जे काय आहे ते डोळ्यांत. भिंग घेऊन बघितलं तर एकेका डोळ्यात पापणीची काळी रेघ वेगळी, बुबुळाचा गडद रंग वेगळा, त्याच्या आतला फिका रंग वेगळा आणि सगळ्यात वर पांढरा ठिपका. हे हाताने काढलेलं नसतं, पॅड प्रिंटिंग असतं, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरची शाई एक मऊ सिलिकॉनचा गोळा उचलतो आणि गोल गालावर दाबतो, प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट आणि वेगळा ठसा, आणि दोन ठशांमध्ये केसभर फरक पडला की पोरगी तिरळी दिसते. नकली माल ओळखायचा असेल तर बाकी काही बघू नका, डोळे बघा.

आणि इथेच मला पेण आठवतं. आमच्या घराशेजारी गणपतीचा कारखाना होता, अजून आहे. लहानपणी शाळेतून आलो की तिथेच. मूर्ती साच्यातून निघायची, हात वेगळे लागायचे, पॉलिश पेपर, प्रायमर, अंगाचा रंग स्प्रेने, पितांबर, सोनेरी, ही सगळी कामं गावातली पोरं-बायका करायच्या, पण डोळ्यांच्या आखणीला हात लावायची परवानगी कुणाला नसायची. तो माणूस वेगळा. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते यायचे, मूर्ती उजेडाकडे फिरवून घ्यायचे, झिरोचा ब्रश ओठांत धरून टोक करायचे आणि मग वरच्या पापणीची रेघ एका दमात, मधे ब्रश उचलायचा नाही. मग भुवई, मग बुबुळ, आणि सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. तो ठिपका टेकेपर्यंत समोर नुसती रंगवलेली मूर्ती असायची, ठिपका टेकला की बघायला लागायची. डावा आणि उजवा डोळा मोजपट्टीशिवाय सारखा, आणि मूर्ती कुठूनही बघा, नजर तुमच्याकडे. मी नेन्डोरॉइडच्या डोळ्यातला तो पांढरा ठिपका पहिल्यांदा बघितला तेव्हा मला अण्णांचा हातच दिसला.

नुसते डोळेच नाहीत, बाकीचं कामही बघा ना. जपानमध्ये शिल्पकार आधी मूळ नमुना करतो, पूर्वी पुट्टीत कोरायचे, आता बरेच जण कॉम्प्युटरवर करून थ्रीडी प्रिंट काढतात. मग तो नमुना कुठे कापला तर साच्यातून न अडकता निघेल हे ठरवायचं, केस वेगळे, हात वेगळे, घोळदार कपड्याचे दोन तुकडे. मग सिलिकॉनच्या साच्यातून थोड्या कॉप्या, त्यातली एक मास्टर म्हणून रंगवायची आणि कारखान्याला पाठवायची, की बाबांनो असं दिसलं पाहिजे. कारखान्यात स्टीलचे साचे, त्यात गरम पीव्हीसी दाबून भरायचं, साचा मोदकाच्या साच्यासारखा दोन बाजूंनी मिटतो म्हणून जोडाची बारीक रेघ उरते, ती घासून काढायची, मग रंग. खर्च सगळा त्या स्टीलच्या साच्यात असतो, म्हणून हजारोंनी माल काढावा लागतो. पेणला आणि पलीकडे हमरापूर, जोहे, कळव्याला ह्यातलं काय येत नाही? मातीत मूळ मूर्ती घडवणं येतं, रबराचा साचा काढणं येतं, अडकणारा भाग कुठे कापायचा हे येतं, जोड मारणं, घासणं, स्प्रे, आखणी सगळं येतं. पिढ्यान्पिढ्या येतं. इथल्या मूर्ती अमेरिका-इंग्लंडपर्यंत जातात. फक्त ते सगळं एका सणाच्या मागे बांधलेलं आहे, आणि त्यात पीओपीचं काय होणार ह्यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या, नियम बदलणं, ऑर्डर घ्यावी का न घ्यावी ही धाकधूक. माझ्या वर्गातली कारखान्यातली पोरं आता एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर लागलीत. हात चांगला असलेली पोरं, संपादक साहेब.

तर माझं म्हणणं एका वाक्यात असं की पुण्यात गेम बनवणारे आणि पेणला मूर्ती बनवणारे ह्यांची गाठ कुणीतरी घालून द्यायला पाहिजे, दोघांमध्ये गाडीने तीनेक तासांचं अंतर आहे आणि दोघांना एकमेकांचा पत्ताच नाही.

पुण्यात गेम बनतात हेच अजून खूप जणांना माहीत नाही. राजी नावाचा गेम नॉडिंग हेड्स गेम्स ह्या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने केला, २०२० च्या ऑगस्टमध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला आणि मग बाकीच्यांवर. आधी त्यांनी लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता तो फसला, तरी पोरांनी सोडलं नाही. गोष्ट सर्कशीतल्या एका मुलीची, राक्षसांनी तिच्या धाकट्या भावाला, गोलूला नेलंय आणि ती त्याला शोधत निघते, हातात दुर्गेचा त्रिशूळ, पुढे धनुष्य. मागचे देखावे पहाडी चित्रांसारखे, मधल्या गोष्टी सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेल्या. ती मुलगी खांबाला गिरकी घेऊन त्रिशूळ फिरवते ती एक पोझ आहे, ती बघितली की कुठल्याही मूर्तिकाराचा हात शिवशिवेल. ती राजी मी आजवर एकाही टेबलावर बघितलेली नाही. क्योटोचा मारिओ आहे, पोलंडच्या गेममधला विचर आहे, पुण्याची राजी नाही. सुपरगेमिंग ही पण पुण्याचीच, त्यांचा इंडस हा गेम २०२४ मध्ये आला, त्यात मोर-नी आहे, सर-ताज आहे, मोराचा पिसारा, हत्ती, असली कॅरेक्टर आपल्या मूर्तिकारांना समजावून सांगावी लागणार नाहीत, पिसारा तर ते गणपतीमागे दरवर्षी करतात.

आता कुणी म्हणेल लायसन्सचं काय, मोठी कंपनी कुठल्या कारखानदाराशी करार करत बसणार. ह्याचं उत्तर जपानने काढून ठेवलंय आणि ते मला फार आवडतं. तिकडे चिबा प्रांतात माकुहारी मेस्से नावाचं मोठं प्रदर्शन केंद्र आहे, तिथे वर्षातून दोनदा वंडर फेस्टिव्हल भरतो. तिथे मोठ्या कंपन्यांचे स्टॉल असतात ते असतातच, पण खरी गर्दी असते ती घरच्या घरी फिगर करणाऱ्या हौशी लोकांच्या टेबलांवर. बँकेत काम करणारा, शिक्षक, कॉलेजची मुलगी, कुणीही, स्वतः नमुना कोरायचा, रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या द्रवात, थोडे सेट ओतायचे आणि न रंगवता डब्यात घालून विकायचे, घेणारा घरी नेऊन जोडतो आणि रंगवतो. आणि हे चोरून नाही हां. एक दिवसाचं लायसन्स असतं. म्हणजे तुम्ही आधी आयोजकांकडे अर्ज करायचा, नमुन्याचे फोटो द्यायचे, आयोजक ते गेमच्या किंवा कार्टूनच्या मालकाकडे पाठवतात, मालकाने हो म्हटलं की फक्त त्या दिवशी, फक्त त्या जागी, ठरलेली रॉयल्टी देऊन विकायचं. संध्याकाळी परवानगी संपली. मालकाला धोका नाही, शेकडो लोकांशी वेगवेगळे करार करायची कटकट नाही, आणि नवीन हात कुठे आहे ते त्याला फुकटात कळतं. आज ज्यांच्या नावावर फिगर विकल्या जातात असे कितीतरी शिल्पकार आधी असल्याच टेबलांमागे बसलेले. आणि ह्या मेळ्याचे आयोजक कोण, तर कायोदो, ती १९६४ मध्ये ओसाकाजवळ एका खोलीएवढ्या मॉडेलच्या दुकानातून सुरू झालेली कंपनी. आमच्या शेजारचा कारखाना त्याच्यापेक्षा मोठा होता.

मुंबईत कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्स, सिनेमा आणि गेमच्या चाहत्यांचा मेळा, भरतो, हल्ली पुण्यातही भरायला लागलाय, पोरं हजारोंनी तिकीट काढून जातात. तिथे एक लाइन टेबलं अशी ठेवता येणार नाहीत का? आपल्याच स्टुडिओंनी आपल्याच दोन-चार कॅरेक्टरची एक दिवसाची परवानगी द्यायची, पेण, सावंतवाडी, पुण्याचा कुंभारवाडा, मुंबईचं लालबाग इथल्या मूर्तिकारांना आणि फाइन आर्टच्या मुलांना बोलवायचं. स्टीलचे साचे नकोत, हजारोंचा माल नको, सिलिकॉनचा साचा आणि रेझिनचे पन्नास तुकडे, हातानेच रंगवलेले, हातानेच आखणी केलेले. स्टुडिओने कॅरेक्टरची थ्रीडी फाइल दिली तर मूळ घडवायचंही अर्धं काम कमी होईल, गेमसाठी ती फाइल त्यांच्याकडे तयारच असते.

आणि तोपर्यंत थांबायचं पण कारण नाही. लिनक्सचा टक्स लॅरी युइंगने १९९६ मध्ये काढला आणि आपलं नाव दिलं की कुणीही वापरावा असं तेव्हाच सांगून ठेवलं. गोचा गोफर रेने फ्रेंच ह्या चित्रकार बाईंनी काढला, तोही श्रेय देऊन वापरायला मोकळा. अँड्रॉइडचा तो हिरवा रोबो, इरिना ब्लॉक ह्यांच्या डिझाइनचा, त्याचंही श्रेय दिलं की झालं, आणि त्याच रोबोच्या छोट्या फिगर्स अँड्र्यू बेल नावाच्या कलाकाराने २०१० पासून काढल्या तर लोक डब्यात कुठला निघतो ह्या उत्सुकतेने गोळा करत बसले. हे तिन्ही आकार गोल गुबगुबीत, साच्यातून सरळ निघणारे. आमच्या एका कंपनीत किती लोक टक्स घेतील ते मला माहीत आहे, हिंजवडी, मगरपट्टा धरलं तर विचारायलाच नको. दिवाळीला कंपन्या जे ड्रायफ्रूटचे डबे वाटतात त्याऐवजी पेणला बनलेला टक्स वाटला तर तो वर्षानुवर्षं टेबलावर राहील आणि तिकडे चार घरांना काम मिळेल.

सरकारी बाजूचं पण थोडं सांगतो. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ मध्ये ७०, त्यामुळे ओरिजिनल फिगर आपल्याकडे येईपर्यंत काही हजारांत जाते आणि पोरं नाइलाजाने रस्त्यावरची नाहीतर ऑनलाइनची नकली घेतात, जिचा रंग ओठांबाहेर गेलेला असतो, पाय वाकडा, उघडल्या उघडल्या प्लास्टिकचा वास आणि पहिल्या उन्हाळ्यात अंग चिकट. (चांगल्या पीव्हीसीलाही मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य वर्षानुवर्षांनी वर येतं, ते कोमट पाण्याने आणि हलक्या साबणाने धुतलं की जातं, पण नकली माल आधीच चिकटतो, आणि कुठलीही फिगर खिडकीच्या उन्हात ठेवू नका.) खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला, पण त्यातून हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे. म्हणजे दार उघडं आहे. बाहेरचा माल महाग आहे, आतल्या कारागिराला नियमात जागा आहे आणि घेणारे तर पगार हातात घेऊन बसलेत. ह्याहून सोयीची वेळ कुठली यायची? ज्या मूर्तिकारांची हस्तकलेची नोंदणी झालेली नाही त्यांनी ती करून घ्यावी आणि पेणच्या मूर्तिकारांच्या संघटनेने त्यासाठी एक कॅम्प लावावा एवढी माझी कळकळीची विनंती.

एक धोका मात्र मला दिसतो, तो आधीच बोलून ठेवतो. फंको कंपनीचे ते काळ्या टपोऱ्या डोळ्यांचे पॉप, म्हणजे फिगर्सच, २०१० पासून जगभर इतके निघाले की प्रत्येक सिनेमा, प्रत्येक गेम, प्रत्येकाचा पॉप, आणि शेवटी २०२३ मध्ये कंपनीला सांगावं लागलं की गोदामात ठेवणं परवडत नाही म्हणून तीन कोटी ते तीन कोटी साठ लाख डॉलरचा माल आम्ही टाकून देतोय. नवाकोरा माल, कचऱ्यात. प्लास्टिकच्या ढिगाबद्दल तुमच्या टिपणात जे लिहिलंय तिथे मी तुमच्या बाजूने आहे. म्हणूनच मी कारखाने उभारा म्हणत नाहीये. पन्नास तुकडे करा, संपले की पुढचे पन्नास करा, खाली बुडाला घडवणाऱ्याचं आणि आखणी करणाऱ्याचं नाव कोरा. जपानी फिगरच्या डब्यावर शिल्पकाराचं नाव छापलेलं असतं, लोक ते नाव बघून घेतात, अमक्याच्या हातचं आहे म्हणून. अण्णांनी जन्मभरात किती हजार मूर्तींचे डोळे उघडले असतील, एकाही मूर्तीवर त्यांचं नाव नाही, आणि गणपतीच्या मूर्तीवर ते घालावं असं त्यांना स्वतःलाही वाटलं नसतं. पण गेमच्या फिगरवर घालायला काय हरकत आहे.

कंपनीत राहून मला जे जमतंय ते मी करतोय. गावाकडच्या त्या कारखान्यातल्या मुलाला, म्हणजे अण्णांच्या पुतण्याला, टक्सचे चारी बाजूंचे फोटो पाठवलेत, त्याने शाडूत एक करून बघितलाय, चोच जरा गणपतीच्या सोंडेच्या वळणाची आलीये पण डोळे असे काढलेत की टीममधल्या लोकांनी फोटो बघूनच किंमत विचारली. पुढचा तो रेझिनमध्ये ओतणार आहे. राजी बनवणाऱ्यांपैकी, इंडस बनवणाऱ्यांपैकी किंवा कॉमिक कॉन भरवणाऱ्यांपैकी कुणी हे पत्र वाचत असेल तर गणपती झाल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, एक दिवस पेणला या. तेव्हा कारखान्यांत गर्दी कमी असते, लोक निवांत बोलतात. संपादक साहेब, तुमच्या पुरवणीचा प्रतिनिधी आणि फोटोग्राफरही पाठवा, मी दाखवायला येईन, पत्ता तुमच्या कार्यालयाकडे दिलेला आहे.

आपला,
मूळचा पेणचा, सध्या पुण्यात नोकरी करणारा एक वाचक